दुपारचं पाणी

माझ्या तोंडाला कुलूप नाय, हे अख्ख्या अष्टमी गावाला ठाऊक हाय. कोळणीनं भाव चढवला तरी मी बोलते, शेजारच्या लग्नात मटण कच्चं राहिलं तरी मी बोलते. माझी सासू म्हणायची, मुनीरा झोपेतपण भांडते. अशी मी, पण यंदाच्या उन्हाळ्यात गप्प बसले, आणि जिथं बोलायला पाहिजे होतं नेमकी तिथंच गप्प बसले. ते मनातून जात नाय म्हणून सांगते.

आमची वाडी गावाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. घरामागे सासऱ्यांच्याही आधीचा एक फणस हाय. त्याच्या वरच्या आडव्या फांदीवरून राखाडी-हिरव्या झिपऱ्या लोंबायच्या, हातभर लांब. मसाल्यात आपण दगडफूल टाकतो ना, त्याचंच ते चुलत भावंड, पण खायच्या कामाचं नाय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. एकदा तर झाडाला जळमटं धरलीत म्हणून झाडू घेऊन काढायला निघाले होते. सासूनं अडवलं, म्हणाली, असू दे, कुणाचं काय खातंय.

त्याची किंमत कळली ती नमिता मॅडममुळे. माझी पोरगी हुदा रोह्याला कॉलेजात जाते. तिथं या मॅडम झाडापाल्याचा विषय शिकवतात. राहतात पेणला, रोज गाडीने येतात. मागच्या वर्षी ईदला हुदानं त्यांना शीरखुर्म्याला बोलावलं. बाई हात धुवायला मागच्या दारी गेल्या त्या परत येईचनात. जाऊन बघते तर फणसाखाली मान वर करून उभ्या. शीरखुर्मा गार झाला, वर साय धरली, तरी यांचं लक्ष नाय. मग त्यांनी सांगितलं की हे शैवाक फार दुर्मीळ हाय, त्यांनी एवढे डोंगर पालथे घातले, पण आपल्या तालुक्यात दुसरीकडे कुठं दिसलं नाय. एवढ्या लांब झिपऱ्या व्हायला याला साठ-सत्तर वर्षं लागली असतील. म्हणजे ते माझ्याहून वयानं मोठं, आणि मी झाडू घेऊन निघाले होते.

त्या दिवसापासून हुदा त्या झिपऱ्यांच्या मागे लागली. सकाळी उठली की आधी फणसाखाली जायची, मग चहा प्यायची. मला समजावून सांगायची की अम्मी, हे एक झाड नाय, दोन जीव एकत्र राहतात. एक घर बांधतो, दुसरा रांधतो. मी म्हटलं, नवरा-बायको म्हण की. आमच्या घरात मात्र बांधणारा शारजात आणि रांधणारी अष्टमीत. ती हसली. तेव्हा ती माझ्याशी सगळं बोलायची.

तिला काळजी एकाच गोष्टीची होती. आमच्या वाडीत पूर्वी थंडीत असं धुकं बसायचं की नऊ वाजेपर्यंत विहिरीचा काठ दिसायचा नाय, आणि मागचा ओहोळ शिमग्यापर्यंत वाहायचा. आता दोन-तीन वर्षं पाऊस गणपतीआधीच पाठ फिरवतो, ओहोळ दिवाळीला आटतो, धुकं आलं तर पाहुण्यासारखं येतं नि जातं. त्या झिपऱ्यांना मुळं नसतात. हवेतली ओल हेच त्यांचं पाणी. हवा कोरडी पडत चालली तर असे जीव आधी जाणार, असं मॅडमचं म्हणणं, आणि आमच्या फणसावर ते खरं होतं का हे हुदानं बघत राहायचं होतं. जूनमध्ये पुण्याला झाडापाल्याचा अभ्यास करणारी मोठी मोठी माणसं जमणार होती, तिथं मॅडम हुदालाच बोलायला उभी करणार होत्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी बाई चार माणसांसमोर उभी राहिली नव्हती. मी भांडताना राहिले असेन, ते सोडा.

आता हुदाच्या अब्बांचं सांगते. मुराद त्यांचं नाव. हुदा तीन वर्षांची असताना ते शारजाला गेले. तिथं नगरपालिकेच्या बागखात्यात होते. वाळवंटात रस्त्याच्या कडेला खजूर नि फुलझाडं जगवायची, दिवसभर पाइप हातात. दोन-तीन वर्षांनी महिनाभर यायचे, साबण नि अत्तर आणायचे, पोरगी लाजून माझ्या ओढणीमागे लपायची, ती धीट व्हायच्या आत यांची सुट्टी संपायची. मागच्या दिवाळीच्या सुमाराला ते कायमचे आले. घरात आले, पण पोरीच्या आयुष्यात काय शिरता येईना. हुदा त्यांच्याशी वाईट वागायची नाय, पण पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. चहा आणू का, टीव्ही बारीक करू का. त्यांनी कॉलेजचं काय विचारलं की बरं चाललंय म्हणून खोलीत जायची. बिचारे तिथंच दाराकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, हिला एखादी गोष्ट द्यावीशी वाटते, पण हिला काय पाहिजे तेच मला माहीत नाय.

आणि दुसरीकडे, खरं सांगायचं तर, मला त्यांचा वैताग यायला लागला होता. एवढी वर्षं मी घर एकटीनं चालवलं. आता हा माणूस दिवसभर माझ्या मागे मागे. मसाल्याचे डबे पुसून दुसऱ्याच फळीवर लावायचे, भात शिजताना झाकण उघडून बघायचे. मला एक जागा राहिली नव्हती जिथं ते नव्हते.

एप्रिलात हुदाची परीक्षा आली आणि सेंटर पडलं पेणला. रोज जाण्या-येण्यात वेळ नको म्हणून ती तिथंच फुफीकडे, अब्बांच्या बहिणीकडे, राहायला गेली. जाताना मला फणसाखाली नेऊन बजावलं की याला कुणी हात लावायचा नाय, जसं हाय तसं राहू द्यायचं. मी म्हटलं, जा बाय, मी बसलेय इथं राखण करत. अब्बा पायरीवर उभे होते. त्यांना तिनं फक्त खुदा हाफिज म्हटलं.

ऊन असं तापलं होतं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. झिपऱ्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या, वारा आला की खरखरायच्या. त्या दिवशी हुदाच्या अब्बांनी माझ्या हळदीच्या डब्यात धण्याची पूड ओतली. माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला पाणीच घालता येतं ना? मग जा, हुदाच्या त्या झिपऱ्या सुकून चालल्यात, त्यांना घाला. पोरगी तरी खूश होईल, नि माझं स्वयंपाकघर तरी मोकळं होईल."

हे माझे शब्द. एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाय. हात लावायचा नाय असं पोरीनं सांगितलं होतं, ते मला आठवलं होतं. पण मी मनात म्हटलं, पाण्याला कुठं हात लावावा लागतो?

त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच कसंतरी झालं. विहिरीवरच्या मोटारीला आमच्याकडे दुपारीच लाइट मिळायची. जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढून ते पाइप घेऊन गेले, पाइपाच्या तोंडावर बोट दाबून बारीक फवारा वर सोडला, आणि दोन मिनिटांत त्या राखाडी झिपऱ्या हिरव्यागार झाल्या. खरंच झाल्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मेलेलं जिवंत व्हावं तसं. ते मला हाका मारत सुटले. शारजाहून आल्यापासून त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघत होते. म्हणाले, वाळवंटात जगवलं, इथं का नाय जगणार. पोरगी येईल तेव्हा बघत राहील.

मग रोजचं ठरलं. नमाज झाली की फणस. मला दुपारचं स्वयंपाकघर एकटीला मिळालं, मी आरामात पंख्याखाली पडायची. बाहेरून पाण्याचा आवाज यायचा आणि मला बरं वाटायचं.

काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की हिरवेपणा आता पहिल्यासारखा चढत नाय. झिपऱ्या फिकट पडल्या, मग गुलाबटशा झाल्या, ओल्या असताना बुळबुळीत लागायला लागल्या. त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय. ते दोनदा घालायला लागले. मी बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे, त्यांना झाडांतलं कळतं.

हुदा परत आली त्या सकाळी पिशवी ओट्यावर टाकून सरळ मागे गेली. झिपऱ्या खाली गळून पडल्या होत्या, पांढऱ्याफटक. वर फांदीवर दोन-चार धागे राहिले होते. तिनं बोटानं एक उचलला, त्याचा भुगा झाला. अब्बा माझ्या मागे उभे होते. त्यांचे ओठ हलायला लागले. मी त्यांच्या आधी बोलले.

"ऊन कसलं पडलं गो बाय यंदा," मी म्हटलं. "सुकून गेलं बघ."

का बोलले, विचारू नका. त्यांना वाचवायला बोलले असं मी स्वतःला सांगत होते, पण माझं मीच जाणते. ते पाणी कुणी घालायला लावलं ते बाहेर आलं असतं. हुदा फणसाच्या बुंध्याला टेकून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. या हातानं फिरवला.

नमिता मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. बराच वेळ बघितलं, भुगा कागदात बांधून घेतला. त्यांना नवल वाटत होतं. म्हणाल्या, उन्हाळ्यात हे सुकतंच, पण पाऊस आला की दरवर्षी परत उठतं, यंदा कोरडेपणा त्याच्या सोसण्यापलीकडे गेला असावा. मग हुदाला म्हणाल्या की वाईट झालं, पण आता तुझ्या बोलण्याला वजन येईल, हवा कोरडी पडल्यावर काय होतं ते तू डोळ्यांनी बघितलंस. मी त्यांना सरबत दिलं. हुदाचे अब्बा वाडीत कुठंतरी निघून गेले होते.

मग सुरू झाली ती तयारी. हुदा रोज संध्याकाळी पडवीत उभी राहून पुण्याला काय बोलायचं ते पाठ म्हणायची. आमच्या वाडीतला ओहोळ, हरवलेलं धुकं, आणि शेवटी, या वर्षीच्या कोरड्या हवेनं आमच्या तालुक्यातलं हे शैवाक माझ्या डोळ्यांदेखत संपवलं. ते वाक्य म्हणताना तिचा आवाज भरून यायचा. इतकं सुंदर बोलायची की मला रडू यायचं, आणि त्याच क्षणी दुपारच्या पाण्याचा आवाज आठवायचा. तिचे अब्बा झोपाळ्यावर बसून ऐकायचे. जेवण सोडलं त्यांनी. भाकरीचा तुकडा मोडायचा नि तसाच ठेवायचा. विहिरीकडे जायचे नाय, मोटार मीच चालू करायची. एकदा मला म्हणाले, "ही माझ्यामुळे लोकांसमोर खोटं बोलणार, मुनीरा." मी म्हटलं, गप्प बसा, झालं गेलं. पोरगी आत्ता कुठं तुमच्याशेजारी बसायला लागलीय, ते घालवायचंय का?

तेही खरंच होतं. त्या झिपऱ्या गेल्यापासून ती त्यांच्याजवळ बसायला लागली होती. आपल्या दुःखानं अब्बापण उदास झालेत असं तिला वाटायचं. एका संध्याकाळी तर तिनं त्यांना विचारलं की अब्बा, मी कसं बोलते, बरं वाटतं ना. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं.

मी आत पीठ मळत होते. सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले की बेटा, ते उन्हानं नाय मेलं. मी रोज दुपारी त्याला पाणी घातलं. मी, माझ्या हातानं. मला वाटलं तू खूश होशील.

मी पिठातला हात काढला नाय. आता माझं नाव घेतील, आता घेतील, म्हणून कान देऊन बसले. त्यांनी घेतलं नाय.

हुदा बोलली ते रागानं नाय, वर्गात शिकवावं तसं बोलली, आणि तेच जास्त लागलं. "ते मेलं नव्हतं, अब्बा. ते झोपलं होतं. सुकून झोपलेलं असलं की कितीही ऊन पडू दे, त्याला काय होत नाय. पाणी लागलं की ते जागं होतं, आणि जागं असताना त्याला ऊन सोसत नाय. पहाटेच्या धुक्यानं जागं झालं तर गारव्यात कमवतं. तुम्ही त्याला रोज भर दुपारी उठवलंत. अंगात होतं नव्हतं ते सगळं खर्च झालं त्याचं." मग म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं."

ती सकाळीच पेणला मॅडमच्या घरी गेली आणि खरं काय ते सांगून आली. मॅडम ओरडल्या नाहीत म्हणे. एवढंच म्हणाल्या की कोरड्या हवेनं ते आधीच थकलेलं असणार, पाण्यानं संपवलं असणार, आता कशाचा वाटा किती हे कुणालाच कधी सांगता येणार नाही. आणि जे सांगता येत नाही त्यावर पुण्याला उभं राहता येत नाही. हुदाची बोलायची संधी गेली. ‘ते आधीच थकलेलं’ हे शब्द मी घट्ट धरून ठेवले. हुदाच्या अब्बांनाही सांगून बघितलं की बघा, मॅडमपण म्हणतात. ते म्हणाले, थकलेल्याला तर कुणी असं मारत नाय.

त्यानंतर घरात आवाज राहिला नाय. हुदा अब्बांशी बोलायची ते पुन्हा चहा आणू का एवढंच. मी शंभरदा ठरवलं की तिला सांगायचं. भात वाढताना ठरवलं, तिच्या केसांना तेल लावताना ठरवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर असायचं आणि मी तेल चोळत राहायची. एवढं एकच माणूस माझं हाय, तेही जाईल, ही भीती. नवरा जो आरोप उचलून बसला होता तो माझा होता, आणि मी तो त्याच्याकडे राहू दिला.

मे संपत आला तेव्हाची गोष्ट. हुदा आणि मॅडम सुट्टीभर डोंगर हिंडत होत्या, कधी निडी स्टेशनला उतरायच्या, कधी जिते गावाच्या बाजूला जायच्या, कुठं दुसरीकडे ते शैवाक मिळतंय का बघायला. मी मागच्या दारी बोंबील साफ करत बसले होते. हुदा पळतच आली, तोंड उन्हानं लाल, पाय काट्यांनी ओरबाडलेले. म्हणाली की मिळालं, अम्मी, अजून एक झाड मिळालं, एवढंसं हाय पण जिवंत हाय.

तिचे अब्बा पायरीवर होते. ते उठूनच उभे राहिले. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर जीव आला. त्यांनी विचारलं, "कुठं मिळालं, बेटा?"

हुदानं त्यांच्याकडे बघितलं नाय. म्हणाली, "ते कुणाला सांगायचं नाय असं ठरलंय."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "नको सांगू. मला तर नकोच." आणि ते वाडीच्या दगडी गडग्याकडे चालत गेले, पाठ करून उभे राहिले.

हुदा माझ्याजवळ बसली. गळ्यात हात टाकला, कानाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, "तुला सांगते, अम्मी. तू कुणाला बोलणार नाय."

माझ्या हातात सुरी तशीच राहिली. माझ्यासारखीच्या तोंडावर, जिला अख्खी अष्टमी भोंगा म्हणते तिच्यावर, पोरीनं भरवसा टाकला होता. आणि गडग्याजवळ तो माणूस पाठमोरा उभा. मी तिचा हात गळ्यातून काढला.

"मला नको सांगू," मी म्हटलं. "पाणी घाला असं त्यांना मीच सांगितलं होतं. स्वयंपाकघरातून बाहेर जावेत म्हणून सांगितलं. तू हात लावू नको म्हणाली होतीस ते मला आठवत होतं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. तिनं एवढंच विचारलं, "आणि त्यांनी तुझं नाव घेतलं नाय?"

"नाय," मी म्हटलं. "आणि मीपण घेतलं नाय."

ती उठली. गडग्याजवळ गेली, त्यांच्या शेजारी उभी राहिली. मग तिनं डोंगराकडे हात करून त्यांना काहीतरी सांगितलं, आणि ते मान हलवत ऐकत होते. मी बोंबील धुवायला घेतले.

आता पाऊस सरला. बाप-लेक दोघं सकाळी कुठंतरी जाऊन येतात, पायाला चिखल लागलेला असतो. माझ्याशी दोघं नीट बोलतात, जेवण चांगलं झालं म्हणतात. ते झाड कुठं हाय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाय, आणि मी विचारलेलं नाय.